इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतंय: बंद सफाई की हिरडी उघडून?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं दाताचं धातूचं, आटे असलेलं कृत्रिम मूळ. त्याभोवती नुसती हिरडी सुजली असेल आणि हाड शाबूत असेल, तर नीट सफाईने बहुधा भागतं. हाड उतरायला लागलं की मात्र निवड करावी लागते. मी दोन्ही करून बसलोय.

खालची उजवी दाढ, इम्प्लांट सहा वर्षांचा. प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजायची बारीक सळई, 7 मिलिमीटर आत गेला, एक्स-रेत इम्प्लांटचे वरचे आटे उघडे दिसले. आधी बंद सफाई केली, म्हणजे हिरडी न उघडता. सुरुवात तिथूनच करावी. 2023 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात, 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा मोजा म्हणतात, आणि अँटिबायोटिक गोळ्या सरसकट घेऊ नका असंही. भूल दिली, अर्ध्या तासात मोकळा झालो, दुपारी दुकानात.

पण ती चव! सकाळी उठल्यावर तोंडात खारट, कुबट. सफाईनंतर तीन आठवडे गेली, चौथ्यात परत आली. बोटाने हिरडी दाबली की पू. असं तीनदा झालं. गुजरीत माझं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, गिऱ्हाईक हातभर अंतरावर बसतं. बोलताना तोंडावर हात धरायची सवय लागली आणि नेहमीच्या बायकांशीही मी तुटक बोलू लागलो. त्याचा मला फार त्रास झाला. शिवाय कुडीच्या आट्यांत मळ बसला तर फिरकी काढल्याशिवाय तो निघत नाही, हे मी रोज बघतो. इथे तर आटे खडबडीत, हिरडीखाली, आणि हत्यार अंदाजाने फिरणार.

शेवटी हिरडी उघडली. आत कॅप (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) बसवतानाच्या सिमेंटचा तुकडा निघाला, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. आटे टायटॅनियमच्या ब्रशने घासले. हाड वाटीसारखं झिजलेलं होतं म्हणून ग्राफ्ट, म्हणजे हाडाचा भराव, भरला. सपाट झिजलं असेल तर तो तिथे टिकणं अवघड असतं. चार दिवस सूज, दहा दिवस टाके, दोन आठवडे तांबड्या रश्श्याशिवाय. आज दीड वर्षानंतर प्रोब 4 मिलिमीटर जातो, रक्त येत नाही, चव गेली.

खर्च अर्थातच जास्त. हिरडीही खाली उतरली, धातूची कड दिसते, मटणाचा धागा अडकतो, म्हणून रोज रात्री बारीक ब्रश घालावा लागतो. समोरचा दात असता तर मी दहा वेळा विचार केला असता. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर आधी ते बघा. इम्प्लांटच हलत असेल तर तो काढण्यावाचून इलाज नाही. पण कधी कधी नुसता वरचा भाग धरणारा स्क्रू ढिला झालेला असतो, तेवढं तपासून घ्या.

माझं मत सर्जरीकडे झुकतं, तरी प्रत्येकाचं तोंड वेगळं. डॉक्टरांकडे जाताना कॅप बसवली तेव्हाचा जुना एक्स-रे न्या, हाड किती उतरलं ते त्याच्याशी ताडूनच कळतं. कॅप स्क्रूने बसवलीय की सिमेंटने, तेही विचारा. स्क्रूची असेल तर ती काढून सफाई करता येते. तसं असेल तर बंद सफाईला आणखी एक संधी जरूर द्या.