घरच्या शिवणाला कुठलं मशीन: काळं, झिगझॅग की ज्युकी?

कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार बाजूला पडत गेले की चार-सहा महिन्यांत घरात शिलाई मशीनचा विषय निघतोच. पायाचं काळं घ्यायचं की ते पांढरं, डिझाइनवालं झिगझॅग, यावर आधी दोन दिवस चर्चा. मग एखादा भाचा ‘ज्युकीच घे मावशी, सुसाट पळतंय’ म्हणून कारखान्याच्या वेगवान मशीनचं नाव सांगून जातो आणि गोंधळ आणखी वाढतो.

माझं मत आधीच सांगते. घरचं शिवण तऱ्हेतऱ्हेचं असेल, म्हणजे आज ब्लाउज, उद्या पोराची ट्रॅक पँट, परवा उशांचे अभ्रे, तर साधं मेकॅनिकल झिगझॅग घ्या. ब्लाउज, परकर आणि पिशव्या यापलीकडे जायचं नसेल आणि गावात वीज ये-जा करत असेल, तर काळं. ज्युकी घरात आणायचं ते गिऱ्हाईक लागल्यावर, गिऱ्हाईक लागेल या आशेवर नव्हे.

काळं मशीन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उषा, सिंगर, मेरिट, रीटा, नाव कुठलंही असो, आतली रचना बहुतेक तीच. लोखंडी हेड, सरळ टाका, खाली शटल आणि बॉबिनची डबी. पायाचा स्टँड घ्या, नाहीतर बाजूला छोटी मोटर लावून घ्या. दोन्हीची सोय एकाच हेडवर होते आणि आपल्याकडे हाच त्याचा मोठा गुण. पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडे दुपारी गेलेली वीज कधी येईल ते हेस्कॉम या वीज कंपनीलाही सांगता येत नाही. पायाचा पट्टा चढवला की उद्याच्या बारशाचं झबलं आजच पुरं होतं. झिगझॅगला ही सवलत नाही. मोटर बंद तर मशीन बंद.

दुसरा गुण दुरुस्तीचा. काळं मशीन उघडणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात हमखास सापडतो आणि डबी, सुई, पट्टा, स्प्रिंग हे सामान फार शोधावं लागत नाही. झिगझॅगमध्ये सुई आडवी हलते, त्यामुळे सुई आणि हुक यांचा मेळ, म्हणजे टायमिंग, बिघडलं की जाणकारच लागतो. काळ्याच्या भरवशावर झिगझॅग उघडणारे मिस्त्रीही भेटतात. त्यांच्या हातात देण्याआधी ‘हे मॉडेल आधी उघडलंय का?’ असं सरळ विचारावं.

मग झिगझॅग कशाला? एका टी-शर्टसाठी, असं म्हटलं तरी चालेल. होजिअरीचं कापड ताणलं जातं, सरळ टाका ताणला जात नाही. म्हणून काळ्यावर शिवलेली लेगिंग अंगात घालतानाच कट्कन उसवते. झिगझॅग टाक्यात दोऱ्याला वळणाची जागा असते, तो कापडाबरोबर ताणला जातो. सुई मात्र बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, लावायची, साधी सुई होजिअरीचे धागे तोडते. शिवाय कापडाच्या आतल्या कडा झिगझॅगने बांधता येतात. ओव्हरलॉकची, म्हणजे कडा बांधायच्या खास मशीनची, सर त्याला नाही, पण सुती ब्लाउजच्या कडेचे दशे थांबतात. काजंही होतात. स्वस्त मॉडेलमध्ये काज चार टप्प्यांत करायचं, डायल दर वेळी आपण फिरवायची. महाग मॉडेलमध्ये कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायात बटण अडकवलं की त्याच मापाचं काज एका दमात. वर्षाला दोन शर्ट शिवणाऱ्या घरानं या एका सोयीसाठी चार-पाच हजार जास्त मोजू नयेत.

बाहीचं काम हा झिगझॅगचा आणखी एक फायदा. पुढचा खोका काढला की अरुंद हात उरतो, त्याच्याभोवती बाही किंवा पायजम्याची मोहरी गोल घालून शिवता येते. काळ्यावर ते सपाट धरून, खालचा थर चुकवत शिवावं लागतं. शिकणाऱ्या पोरींच्या बाह्या खालीवर होतात त्या इथेच.

पिकोबद्दल मात्र दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. ‘यात पिकोपण होतो’ असं प्रत्येक जण म्हणतो. साडीच्या कडेला झिगझॅग होतो, गुंडाळी पाय लावला तर बरा होतो, पण गल्लीतल्या पिकोवालीच्या मशीनची ती घट्ट, बारीक कड येत नाही. भारी साडी घरी वाया घालवण्यापेक्षा तिच्याकडे द्यावी.

आता खणाच्या ब्लाउजची गोष्ट, कारण आपल्या भागात खरी परीक्षा तिथेच. गुळेदगुड्डचा खण, आत अस्तर, वर पायपिंग आणि हुकपट्टीशी दुमडलेल्या शिवणी. कापडाचे सहा-सात थर सहज होतात. काळ्याचं जड चाक आपल्याच वेगानं ते पार करतं. झिगझॅग मशीन तिथे घुरघुरतं आणि थांबतं. मग पायडलवर जोर न देता चाक हातानं फिरवून तेवढे टाके काढायचे. ११ नंबरच्या सुईनं हे थर शिवायला गेलात तर सुई तुटणारच, तिथे १६ हवी. साध्या सुती कापडाला १४, रेशमाला ११. इतकं पाळलं तर घरच्या झिगझॅगवर खणाचा ब्लाउज व्यवस्थित होतो. रोज पाच करायचे असतील तर त्या मशीनचे हाल होतील.

जाड कापडासाठी सिंगरचं हेवी ड्यूटी ४४२३ खूप दाखवतात. आत धातूचा सांगाडा, २३ टाके, मिनिटाला ११०० टाक्यांपर्यंतचा वेग. मशीन चांगलंच आहे, पण नव्या हाताला हा वेग आवरत नाही. पहिलंच मशीन घेणाऱ्यांना सिंगर प्रॉमिस १४०८ किंवा उषा-जानोमेच्या ड्रीम स्टिचसारखं कमी टाक्यांचं मॉडेल पुरतं. डायलवर सात-आठ टाके असोत की तेवीस, घरात वापरले जातात तीन-चार: सरळ, झिगझॅग, काज आणि कधीतरी फॉलसाठी वरून न दिसणारा ब्लाइंड हेम.

वाकळ शिवायची म्हणून मशीन घेणार असाल तर थांबा. जुन्या साड्यांचे थर घालून केलेली वाकळ यातल्या कुठल्याच मशीनवर नीट होत नाही. सुई आणि खांब यांच्यातल्या वीतभर जागेत गुंडाळी मावत नाही आणि खालचे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो. पातळ दुलई काळ्यावर होते. जाड वाकळ हातानंच घालावी, ती दिसतेही तशीच छान.

ज्युकीबद्दल थोडक्यात. हे खरं एका कंपनीचं नाव, पण जॅक असो की आणखी कुठलं, कारखान्याच्या सगळ्याच मशीनला लोक ज्युकी म्हणतात. मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांचा वेग, सुमारे चार फुटी टेबल, खाली तेलाची टाकी आणि टाका फक्त सरळ. सुईही वेगळी, गोल दांड्याची. घरच्या मशीनची चपटी सुई त्यात बसत नाही. घ्यायचंच तर सर्वो मोटरचं घ्या. जुनी क्लच मोटर पाय न लावताही गुणगुणत वीज खाते. घरच्या मशीनची मोटर साधारण शंभर वॅटच्या आतली, दहा-बारा तासांनी कुठे एक युनिट जळतं, त्यामुळे गृहज्योती योजनेच्या मोफत विजेच्या हिशेबाला तिचा धक्का लागत नाही.

कॉम्प्युटरवालं, पडद्यावर टाके दाखवणारं मशीन मी या तुलनेत धरतच नाही. बोर्ड गेला की कंपनीच्या सर्व्हिसशिवाय इलाज नाही. आणि ऑनलाइन दिसणारं ते स्टेपलरसारखं हातातलं मशीन तर खेळणंच. एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालतं, टोक सुटलं की शिवण सरसर उसवते.

किमतीचा अंदाज असा धरा: स्टँडसह काळं सहा ते नऊ हजार, झिगझॅग नऊ ते सोळा, हेवी ड्यूटी आणि सर्वोवालं ज्युकी त्याच्याही वर. पूर्वी दोन राज्यांच्या करातला फरक बघून लोक सीमेपलीकडे खरेदीला जायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून मशीनवरचा कर बेळगावात आणि कोल्हापुरात सारखाच आहे. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूर आणि खानापूरकरांनी बेळगाव धरावं, कारण मशीन पुन्हा उचलून न्यायची वेळ आली तर अंतर नडतं. दुकानदार घरी येऊन दाखवणार का, हे बिल करण्याआधी ठरवून घ्या.

जुनं काळं मशीन मिळत असेल तर ते नव्या हलक्या मशीनपेक्षाही चांगलं निघू शकतं. चाक हातानं हळू फिरवून बघा. सुई पट्टीच्या भोकाच्या मधोमध उतरते का, दाते घासून गुळगुळीत झालेत का, चाकाला खडखड आहे का. रंग उडालेला असला तरी चालतो. पावसाळ्यात उघड्या पडवीत ठेवलेलं मशीन मात्र घेऊ नका, आत गंज असतो.

‘फुकट शिलाई मशीन’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लिंकला माहिती देऊ नका. खरी योजना पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि प्रशिक्षणाशी जोडून अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. नोंदणी सीएससी केंद्रात होते, घरातल्या एकालाच लाभ. पण ती शिवणकाम हाच धंदा असलेल्यांसाठी आहे, हौसेच्या शिवणाला नाही.

दुकानात जाताना पिशवीत आपलीच कापडं न्या: खणाचा तुकडा, जुन्या टी-शर्टची बाही, अस्तर. दुकानदार दाखवतो ते खळीचं कडक कापड असतं, त्यावर कुठल्याही मशीनचा टाका देखणा दिसतो. खण चार पदरी दुमडून शिवून बघा, मग सुई न बदलता अस्तर शिवा आणि ते चुणतंय का पाहा. चुणलं तर लगेच मशीनला नाव ठेवू नका, ११ ची सुई लावून पुन्हा एकदा बघा. कापड उलटून खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली, तर वरचा दोरा नीट ओवलेला नाही किंवा त्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल आहे. दोरा काढायला लावा आणि दुकानदाराच्या देखत आपल्या हातानं पुन्हा ओवून घ्या.