थ्री पॉइंट फाइव्हचा चार्ज: नऊ महिने वापरून

थ्री पॉइंट फाइव्ह म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची ३.५ आवृत्ती, आणि त्यातला चार्ज म्हणजे शत्रूवर सरळ धावत जाऊन एक वार करणं. परवा वीस बाजूंच्या फाशावर पुन्हा वीस पडला आणि पुन्हा वाया गेला, म्हणून लिहायला बसलोय.

माझा बार्बेरियन (रानटी योद्धा), हातात मोठी कुऱ्हाड, म्हणजे ग्रेटअ‍ॅक्स. ओगर नावाचा राक्षस मॅटवरच्या चौकटींत तिरक्यात सात घरं लांब; एक घर पाच फुटांचं, तिरक्यात एकाआड एक दहा धरायचं, म्हणजे पन्नास फूट. माझा वेग एका चालीला चाळीस फूट, त्यामुळे साध्या चालीत पोचून मारणं शक्यच नव्हतं. चार्ज म्हणालो आणि लगेच फासा टाकला. चक्क वीस! वीस म्हणजे तिप्पट डॅमेजची (इजेची) संधी; ती कन्फर्म, म्हणजे पक्की करायला फासा पुन्हा उचललाही. तेवढ्यात डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वाट मोकळी आहे का बघायला मॅटवर दोरा ताणला. "थांब, हाफलिंग आडवा येतोय." हाफलिंग, म्हणजे आमच्याच गटातला बुटका गडी, वाटेत नव्हताच, वाटेला लागून असलेल्या घरात उभा होता. दोरा त्याच्या घराचा कोपरा कापत होता, एवढंच. चार्ज रद्द, वीसही रद्द.

दुप्पट वेग, किमान दहा फूट धाव, हल्ल्याला अधिक दोन, एसीला (बचावाच्या आकड्याला) उणे दोन, हे तुम्हाला पाठ असेलच. त्याबद्दल तक्रार नाही. माझं भांडण एकाच शब्दाशी आहे: 'कोणतीही'. २००३ च्या नियमांत, सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतची कोणतीही रेषा अडथळ्यातून, चाल मंदावणाऱ्या जमिनीतून किंवा कुणी उभं असलेल्या घरातून गेली, की चार्ज नाही. तो 'कुणी' आपल्याच गटातला असला तरी नाही.

पहिले पाच महिने आम्ही हे उलटं वाचत होतो. एक तरी रेषा मोकळी सापडली की पुरे, अशी आमची समजूत. तेव्हा मी या नियमाची तोंड भरून स्तुती करायचो. मग एकदा डीएमने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि अर्धा तास शब्दाचा कीस पडला. मी हरलो. वाक्य स्पष्ट आहे: एक रेषा अडली तरी अडलं. सरळ ओळीत धावायचं तर फक्त आपली ओळ मोकळी लागते. तिरकं धावायचं तर कर्णाच्या दोन्ही बाजूंची घरंही रिकामी हवीत. घरी वहीत चौकटी आखून बघितलं, खरंच तसं आहे. शिवाय शत्रूला मारता येईल अशा सगळ्यात जवळच्या जागीच जाऊन थांबायचं. वळसा घालून पाठीमागे जाणं नाही. ते मला पटतं. धावत सुटलेला माणूस वळसे घालत नाही.

चिडून मधल्या काळात दुसरीकडेही डोकावलो. गटातल्या एकाकडे २०१४ ची पाचवी आवृत्ती होती, त्यावर दोन सत्रं खेळलो. तिथे चार्ज अशी वेगळी अ‍ॅक्शनच नाही. चालायचं, मारायचं, उरलेलं पुन्हा चालायचं. धडक हवीच असेल तर चार्जर फीट (खास कौशल्य) घ्या, डॅश करा, म्हणजे नुसतं जास्त धावा, मग बोनस, म्हणजे जादाच्या अ‍ॅक्शनमध्ये एक वार. दोरा लागला नाही, भांडण झालं नाही, आणि मजाही आली नाही. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतला सडन चार्ज मात्र आवडला: तीनपैकी दोन अ‍ॅक्शन खर्चून दोनदा चालायचं आणि एक वार, सरळ रेषेची अटच नाही. पण एका शब्दासाठी पुन्हा सगळी पुस्तकं विकत घ्यायला माझा खिसा तयार नाही. आहे त्यातच खेळायचं ठरलं.

मत बदललं ते सातव्या महिन्यात, मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसामुळे. त्याने चार्ज केला की शिंगांची धडक ४डी६+६, म्हणजे सहा बाजूंचे चार फासे अधिक सहा एवढी इजा. आमच्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे उरलेला जीव बघता तो त्यात संपलाच असता. हाफलिंग पुढे सरकला आणि थेट मिनोटॉरला चिकटून उभा राहिला. डीएमने दोरा ताणला, सोडला, पुन्हा ताणला. विझर्डकडे धावायला वाट नाही, हाफलिंगकडे धावायला अंतर नाही. एवढं मोठं धूड जागच्या जागी कुऱ्हाड चालवत बसलं. हाफलिंगला दोन घाव बसले, पण वाचला. त्या दिवशी पहिल्यांदा तो 'कोणतीही' मला गोड लागला.

तरी एक गोष्ट अजून खटकते. रेजमध्येही (बार्बेरियन संतापून लढतो तेव्हा) एसीला उणे दोन असतात, त्यात चार्जचे दोन, म्हणजे बार्बेरियन चारने उघडा पडतो. ओगरचा सोटा २डी८+७. दोनदा आडवा झालोय. नव्या खेळाडूने हा हिशोब फासा टाकायच्या आधी करावा.

हाफलिंगवाला आता दर फेरीला विचारतो, "कुठे उभा राहू?" परवाही विचारलं होतं त्याने. मी फासे चाळत होतो, मॅटकडे न बघताच म्हणालो, "कुठेही राहा रे."