कॉमन्स डीबीयुटिल्स: हळदीचा एक सीझन वापरून झाल्यावर

कॉमन्स डीबीयुटिल्स ही जावा प्रोग्रॅममधनं डेटाबेसला क्वेऱ्या पाठवायचं काम सोपं करणारी अपाचेची लायब्ररी, आणि त्या क्वेऱ्या चालवणारा तिचा क्लास म्हणजे क्वेरीरनर. जास्त सांगत बसत नाही, जावात डेटाबेसचं काम करणाऱ्यांना माहीत असतंय. छोटीशी जार (जावा लायब्ररीची फाइल), सोबत दुसऱ्या चार लायब्ऱ्या ओढून आणत नाही, आणि फुकट. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला आणखी काय पाहिजे, आमचे मालक हार्डडिस्क बदलायची म्हटली तरी दिवाळी होऊ दे म्हणतात.

आमच्याकडं डेटाबेस दोन. आवक, सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीची बिलं) सगळं पोस्टग्रेसमध्ये. वजनकाट्याचा डेटाबेस वेगळा, काटा ज्या कंपनीनं बसवला तिनंच दिलेला आणि ड्रायव्हरपण (जावा आणि डेटाबेसच्या मधला दुभाषा) तिचाच, नाव घेत नाही. तर हा ड्रायव्हर निम्मा-शिम्मा लिहिलेला. पॅरामीटर मेटाडेटा, म्हणजे क्वेरीत व्हॅल्यूंच्या जागा किती आणि कुठल्या टाइपच्या ही माहिती, मागितला की सपोर्ट नाही म्हणून मोकळा. अरे ही गोष्ट जेडीबीसी (जावा आणि डेटाबेस जोडायचं स्टँडर्ड) ३.० मधली आहे, जावा १.४ सोबत २००२ ला आलेली! त्यातल्या त्यात बरं एवढंच की 'फीचर नॉट सपोर्टेड' हे जावा ६ पासूनचं खास एक्सेप्शन (एरर) तरी फेकतोय, नाहीतर काही ड्रायव्हर नुसतं नल (म्हणजे रिकामं, काहीच नाही) परत देऊन गप्प बसतात.

डीबीयुटिल्सला हा मेटाडेटा दोन कामांना लागतो. एक, क्वेरीत प्रश्नचिन्हं (व्हॅल्यूंच्या जागा) किती आणि आपण व्हॅल्यू दिल्या किती ते मोजायला. दुसरं खरं महत्त्वाचं, नल पाठवताना. जेडीबीसीत सगळ्या डेटाबेसना चालेल असा नल नुसता पाठवता येत नाही, त्याचा टाइप सांगावा लागतो, आणि नलकडं बघून तो आकड्याचा का तारखेचा हे कुणालाच कळणार नाही, म्हणून डीबीयुटिल्स ड्रायव्हरला विचारतो. ड्रायव्हरनं हात वर केले तर व्हारचार (मजकुराचा टाइप) म्हणून नल पाठवतो (बऱ्याच ड्रायव्हरांना चालतंय ते) आणि 'पीएमडी नोन ब्रोकन' (पॅरामीटर मेटाडेटा बिघडलेला आहे अशी खूण) नावाचा फ्लॅग ट्रू करून ठेवतो, म्हणजे परत विचारायचंच नाही. तुम्हाला आधीच माहीत असेल तर क्वेरीरनर बनवतानाच ट्रू देता येतो. सुरुवातीला मला हे इतकं आवडलं की काय सांगू, कंपनीचा ड्रायव्हर असला रद्दी आणि आमचं काम एकदापण अडलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग जानेवारीत हळदीचे सौदे सुरू झाले आणि दिवाणजींचे फोन सुरू झाले. सकाळी आवकेची नोंद व्यवस्थित, अकराच्या पुढं तीच नोंद एरर देणार. सर्व्हर रीस्टार्ट केला की परत चालू, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एरर पोस्टग्रेसची, भाव हा कॉलम न्युमेरिक (आकड्याचा) आहे आणि तुम्ही कॅरेक्टर व्हेरिंग (म्हणजे व्हारचारच) देताय. आता सौदा व्हायच्या आधी लॉटला भाव कुठनं असणार, तिथं नलच जाणार ना. दिवाणजींनी त्यांच्या परीनं इलाज काढला, भावात शून्य टाकायला लागले, मग एका शेतकऱ्याची पट्टी शून्य भावानं छापून आली आणि ते काका काउंटरवर काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कारण असं निघालं, की आधीच्या डेव्हलपरनं (तो आता पुण्यात) एकच स्टॅटिक क्वेरीरनर दोन्ही डेटाबेसला वापरला होता, कनेक्शन प्रत्येक वेळी वेगळं द्यायचं. त्याचंपण चुकलं म्हणता येत नाही, क्लास थ्रेडसेफ आहे (एकाच वेळी अनेक ठिकाणनं वापरला तरी चालतो) असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, मग माणूस एकच बनवून सगळीकडं वापरणारच. पण तो फ्लॅग राहतो क्वेरीरनरच्या ऑब्जेक्टमध्ये. अकरा वाजता काट्याचा सिंक चालायचा, काट्याच्या ड्रायव्हरनं नाही म्हटलं की फ्लॅग ट्रू, आणि तिथनं पुढं पोस्टग्रेसचे सगळे नलपण व्हारचार! ज्या पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला टाइप नीट सांगता येतो त्याला कुणी विचारतच नाही. एकानं शेण खायचं आणि दंड दुसऱ्यानं भरायचा.

माझा राग एकदा विचारून लक्षात ठेवण्यावर नाहीच, ती आयडिया बरोबर आहे, राग आहे तो लक्षात कुठं ठेवलं यावर. हिकारीसीपी (डेटाबेसची कनेक्शनं साठवून वाटून देणारी लायब्ररी) बघा, ड्रायव्हरला नेटवर्क टाइमआउट जमत नसेल तर तोपण एकदाच बघून ठेवतो, पण पूलमध्ये (कनेक्शनांच्या साठ्यात), आणि पूल म्हणजे एकच डेटासोर्स, त्यामुळं शेजारच्या डेटाबेसला झळ लागत नाही. शिवाय लॉगमध्ये एक ओळ टाकतो. डीबीयुटिल्स तोंडातनं चकार शब्द काढत नाही. शेवटी मी सोर्स उघडून वाचला तेव्हा उलगडा झाला. आणखी एक, टाइप विचारताना कुठलंही एसक्यूएल एक्सेप्शन आलं तरी फ्लॅग ट्रूच होतो, म्हणजे नेमकं त्या क्षणाला नेटवर्क गेलं तरी ड्रायव्हर कायमचा बाद, रीस्टार्ट करेपर्यंत.

मधे एक शॉर्टकट करून बघितला. पोस्टग्रेसच्या यूआरएलमध्ये स्ट्रिंगटाइप अनस्पेसिफाइड लावलं की व्हारचार नलपण तो घेतो, टाइप सर्व्हरच ठरवतो. चाललं, पण मग कोडमध्ये कुणी आकड्याच्या जागी स्ट्रिंग (मजकूर) दिली तरी ती बिनबोभाट आत जाते, हिशोबाच्या धंद्यात मला ते नको. काढून टाकलं. आता दोन क्वेरीरनर आहेत, काट्याचा ट्रू देऊन बनवलेला आणि पोस्टग्रेसचा साधा. ट्रू असला की प्रश्नचिन्हांची मोजणीपण बंद होते, त्यामुळं काट्याच्या क्वेऱ्या डोळ्यानं तपासाव्या लागतात, तेवढं चालतंय.

पोस्टग्रेसवर मेटाडेटा विचारायला सर्व्हरकडं एक फेरी जादा होते, आमचा सर्व्हर दुकानातच म्हणून जाणवत नाही, क्लाउडवर असेल त्यांनी आधी मोजून बघा. आणि स्प्रिंग (जावाचं मोठं फ्रेमवर्क) घे म्हणणाऱ्यांनी आमच्या मालकांशी बोलावं.

पाचपैकी साडेतीन. लायब्ररी बदलणार नाही. काट्याच्या कंपनीला मेल टाकला होता, पूर्ण ड्रायव्हर पाहिजे तर नवीन व्हर्जन घ्या आणि वर वर्षाची एएमसी (देखभालीचे पैसे) भरा असं कोटेशन आलं. मालकांनी ते वाचलं, मागच्या कोऱ्या बाजूला पोत्यांचा हिशोब केला आणि मला म्हटले, "चाललंय नव्हं आता? मग राहू दे."