कोंड्याचे ६८,४४० रुपये

आधी आकडे लिहिते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. केसांच्या एका क्लिनिकमधल्या 'स्काल्प अ‍ॅनालिसिस'चे, म्हणजे टाळूच्या तपासणीचे, ९९ रुपये. पॅकेज ५८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,४४०, मिळून ६८,४४०. त्यातले ८,४४० मी तिथल्या तिथे यूपीआयने भरले. उरलेल्या ६०,००० चं कर्ज, ५,००० चे बारा हप्ते, 'नो कॉस्ट'. या नो कॉस्टची प्रोसेसिंग फी १,१८०. पुढे एक हप्ता मी मुद्दाम अडवला, तर फायनान्सवाल्यांनी ५९० आणि माझ्या बँकेने २९५ कापले. सगळं धरून ७०,६०४. टक्कल नाही, ऑपरेशन नाही. कोंडा.

आणि मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर काउंटरपलीकडच्या माणसाला "वाचून सही करा" सांगणारी. म्हणून नाव न घालता लिहितेय. घरात अजून सासूबाईंना खरा आकडा माहीत नाही.

जाहिरात कशी येते, ९९ रुपयांत कसं बोलावतात, पांढरा कोट घातलेली मुलगी गोड बोलून आत कशी नेते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तसंच झालं. २०२४ चा ऑक्टोबर, उन्हाचा तडाखा, डोकं सकाळी धुतलं तरी संध्याकाळी तेलकट. काळ्या ब्लाऊजवर खांद्याशी पांढरा सडा. कानामागे खवले. काउंटरवर बसून डोकं खाजवायची सोय नसते. घरचे उपाय सगळे झाले होते. खोबरेल तेल कोमट करून रात्रभर ठेवलं, दही लावलं, लिंबू चोळलं तेव्हा डोकं इतकं भाजलं की पाण्याखाली धावले. त्यात जाऊबाई सोबत आलेल्या, त्यांनी जाहिरात आधीच बघून ठेवलेली. "ताई, एकदा दाखवून तर घेऊ, ९९ रुपयेच तर आहेत." अशा परिस्थितीत तुम्ही काय केलं असतं ते मला सांगा.

आता ज्या गोष्टीवरून रात्री अजून झोप उडते ती.

डोक्यावर फिरवायचा छोटा कॅमेरा असतो आणि समोर स्क्रीन. मुलीने कॅमेरा माझ्या भांगावर टेकवला आणि स्क्रीनवर पिवळट, चिकट, पापुद्रे सुटलेलं काहीतरी भयानक दिसलं. "मॅम, बघा, फंगसने रूट्स ब्लॉक झालेत. सहा महिन्यांत हे सगळं जाईल." सगळं म्हणजे केस. मी बघत होते आणि मला एक गोष्ट खटकली. दिवाळीला डाय करायचा म्हणून मी महिना-दीड महिना केस रंगवले नव्हते. मुळाशी बोटभर पांढरं आलं होतं, भांगात तर स्पष्ट. आणि स्क्रीनवर एकही पांढरा केस नव्हता. मुळापासून काळेभोर, जाड, कुणा विशीतल्या पोराचे असावेत तसे. ते माझं डोकंच नव्हतं!

मी गप्प बसले नाही हो. विचारलं. "माझे केस तर पांढरे आहेत ना मुळाशी?" ती एक क्षण थांबली आणि म्हणाली, "मॅम, मॅग्निफिकेशनमध्ये कलर असाच दिसतो." इतक्या सहज म्हणाली. आणि तेवढ्यात आतून 'सीनियर ट्रायकॉलॉजिस्ट', म्हणजे केसांचे तज्ज्ञ म्हणवणारे, आले, जाऊबाई "अगबाई, किती वाईट दिसतंय" म्हणाल्या, आणि तो प्रश्न तिथेच विरला. उत्तर खोटं होतं हे मला त्या क्षणी कळलं होतं असं मी आज शपथेवर सांगेन. पण समोर तीन माणसं तुमच्या डोक्याची घाण बघतायत, तेव्हा माणूस वाद घालत नाही, आधी ती झाकायला बघतो. त्यांचा धंदा या लाजेवरच चालतो. कॅमेरा लावलाच कुणी, तर आधी हाताच्या पाठीवर टेकवायला सांगा. स्क्रीनवर तुमच्या हाताची लव दिसली तरच पुढे बोला.

दुसरी खूण बिलावर होती, आणि ती तर माझ्या रोजच्या कामातली. १८ टक्के जीएसटी. डॉक्टरांच्या उपचारावर, दवाखान्याच्या बिलावर सहसा जीएसटी लागत नाही, आरोग्यसेवा करमुक्त आहे. कर लागतो तो केशरोपणाला, सौंदर्यासाठीच्या कामाला. म्हणजे तोंडाने 'ट्रीटमेंट' म्हणणारे हे लोक कागदावर स्वतःच कबूल करत होते की आम्ही उपचार करत नाही. ते ट्रायकॉलॉजिस्ट साहेबही डॉक्टर नव्हते. ती पदवी कुठल्याही छोट्या कोर्सने मिळते, तिच्यासाठी एमबीबीएस लागत नाही. भिंतीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नव्हता. नोंदणी क्रमांक नसेल तिथून उठा. ९९ रुपये गेले असं समजा.

कर्जाचं मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आधार, पॅन, ओटीपी, सगळं माझ्याच हाताने झालं. "कधीही बंद करता येतं मॅम, एक मेल टाकायचा फक्त," असं सांगितलं होतं आणि जाऊबाई साक्षीला आहेत. टॅबवर सही घेताना वर लिहिलेलं 'नॉन-रिफंडेबल' बोटाने सरकवून सहीचा चौकोन पुढे आणला. आमच्या पतसंस्थेत असं केलं तर ऑडिटर नोकरी घालवेल.

मग सुरू झाले ते सेशन. डोक्यावर वाफ, जांभळा दिवा लागलेली काचेची कंगवी जिला 'हाय फ्रिक्वेन्सी' म्हणायचं, 'ओझोन', 'डिटॉक्स'. आणि घरी न्यायला एक किट: शाम्पू, टॉनिक, आणि एक छोटी बाटली, तिच्यावर फक्त 'स्काल्प सीरम बी' एवढं छापलेलं. घटक नाहीत, उत्पादक नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही.

आणि गुण आला! हे लिहायलाच पाहिजे, कारण इथेच लोक पुरते अडकतात. खाज चार-आठ दिवसांत गायब, खवले गेले. मी ऑफिसात दोघींना त्या क्लिनिकचं नाव सांगितलं. त्यांच्यापैकी एक गेली नाही, एवढंच माझं नशीब.

बाटली संपली, नवीन मिळायला उशीर झाला, आणि आठवड्याभरात सगळं दुपटीने परत. कपाळावर केसांच्या कडेने लाल पुरळ, डोकं तापल्यासारखं, खाज अशी की झोपेत नखांनी रक्त काढलं. क्लिनिकचं उत्तर: "टॉक्सिन्स बाहेर येतायत मॅम. पुढचं पॅकेज घेतलं तर सेटल होईल." पुढचं पॅकेज २४,००० चं. तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. फी ५००. बाईंनी कॅमेराबिमेरा काही काढला नाही. आधी कानामागे बघितलं, मग भुवया, मग नाकाच्या कडा. तिथेही खवले होते, इतक्या दिवसांत क्लिनिकमध्ये एकानेही तिथे बघितलं नव्हतं. केसांना काय लावता, डाय कुठला, तेल किती वेळा, हेही पहिल्यांदा त्यांनीच विचारलं. कोंडा आणि त्याच्या पुढची पायरी, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत असं: मॅलासेझिया नावाचं एक यीस्ट सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, तुमच्याही आहे. ते टाळूतल्या तेलावर जगतं, तेल फोडतं, त्यातून सुटणारी आम्लं काहींच्या कातडीला झोंबतात. कातडी घाईघाईने पेशी टाकते, त्याचे खवले. म्हणजे ही अस्वच्छता नाही, 'रूट ब्लॉक' नाही, आणि एकदा धुऊन कायमचं संपवायची गोष्टही नाही. रक्तदाबासारखं ताब्यात ठेवायचं. मी कोरडेपणा समजून रात्ररात्र तेल थापत होते, ते त्या यीस्टला जेवू घालणंच होतं. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं तर त्याला ऑलिव्ह तेलासारखं तेलच घालतात म्हणे!

औषध काय दिलं? केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू. ३१८ रुपये. आठवड्यातून दोनदा, केसांना नाही तर टाळूला, फेस तसाच पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. महिनाभर असं, पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, चालूच ठेवायचं. "बरेच जण डोक्याला लावून लगेच धुतात आणि गुण येत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. मी तेच करत होते. माझ्या कपाटात हाच शाम्पू दोन वर्षांपूर्वीचा अर्धा पडून होता.

त्या बाटलीबद्दल त्यांचा चेहरा बदलला. लॅबशिवाय ठाम सांगता येणार नाही, पण झटपट गुण, थांबवल्यावर उसळी आणि कपाळावरचं पुरळ बघता त्यात क्लोबेटासोलसारखं तगडं स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी. स्टिरॉइड स्वतः वाईट नाही, डॉक्टर थोडे दिवस देतातही. पण अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. मग लेबल नसलेल्या बाटलीत कशी? ज्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत ती डोक्याला लावू नका, कितीही गुण येऊ दे. गुण लवकर येत असेल तर आणखी घाबरा.

त्या क्लिनिकच्या वेटिंगमध्ये एकदा एक बाई होती, सात-आठ वर्षांचा मुलगा घेऊन. त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा, खवले, केस तुटलेले. त्याला 'किड्स डिटॉक्स' १२,००० ला दिलं, माझ्यासमोर. मी मिरजेच्या बाईंना वर्णन सांगितलं, तर म्हणाल्या, मुलांत असं दिसलं तर पहिली शंका नायट्याची, पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या शाम्पूने जात नाही, घरातल्या इतर मुलांना लागतो. चट्टा गुळगुळीत असेल तर चाई असू शकते, ते वेगळंच. आणि जाड चंदेरी खपल्या कपाळावर उतरल्या, कोपर-गुडघ्यालाही असल्या, तर सोरायसिस. तिन्हींची औषधं वेगवेगळी, आणि तिथे सगळ्यांना एकच जांभळी कंगवी. त्या बाईचा नंबर घेतला नाही याचा मला पैशांपेक्षा जास्त राग येतो.

आता तक्रारीचं ऐका.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी आधी शांतपणे ऐकून घेतलं, मग मागे वळून सहकाऱ्याला म्हणाले, "कोंड्याला अडुसष्ट हजार!" आणि दोघं हसले. माझ्यासमोर. मग "ताई, सही तुमचीच आहे ना? हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, लेबल नसलेलं औषध दिलंय. तर म्हणे ते आमच्याकडे नाही, त्यांचं खातं वेगळं. त्या वेगळ्या खात्यात गेले, रजा टाकून. तिथल्या साहेबांनी बाटली उलटसुलट केली. "यावर उत्पादकाचं नावच नाही. मग कारवाई कुणावर करायची?" अहो, नाव नाही हीच तर तक्रार आहे! मी क्लिनिकच्या भिंतीवरच्या पोस्टरचा फोटोही दाखवला: टकलावर नवीन केस, गॅरंटी. औषधांच्या नियमांत शेड्यूल जे म्हणून यादी आहे, त्यात टक्कल, नवे केस उगवणं, अकाली पांढरे होणं आहे, हे बरं करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. साहेब म्हणाले, "पोस्टरवर औषधाचं नाव कुठंय?" अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र कुरकुर. डॉक्टरकी तपासणाऱ्या कार्यालयात फोन केला तर उत्तर: ते स्वतःला डॉक्टर म्हणवत नाहीत ना, मग आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे डॉक्टर असते तर पकडले असते. नाहीत, म्हणून सुटले. एका तक्रार केंद्राने तर माझी तक्रार 'कंपनीने उत्तर दिले आहे' म्हणून बंद केली. उत्तर काय होतं? 'ग्राहकाने नियमित सेशन घेतले नाहीत.'

फायनान्सवाले म्हणतात, क्लिनिकचा कॅन्सलेशन मेल आला की कर्ज बंद करतो. क्लिनिक म्हणतं, पैसे फायनान्सने दिलेत, त्यांच्याशी बोला. मी हप्ता अडवला तर वसुलीवाल्या पोराचा फोन थेट ह्यांना. अशा रीतीने आमच्या घरी ही बातमी पोहोचली. नंतर हप्ते भरले, कारण पतसंस्थेत नोकरी करून सिबिल खराब करून घेणं मला परवडत नाही.

मला उशिरा कळलेलं: डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कूलिंग-ऑफ मुदत असते. किती, ते 'की फॅक्ट स्टेटमेंट' या कर्जाच्या अटींच्या कागदात लिहिलेलं असतं. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो कागद सही करायच्या आधी मागा, घरी आल्यावर नाही. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, चौकशीला १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी तेच मेलवर लिहून पाठवा, नाहीतर ते बोलणं झालंच नव्हतं असं समजा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. वकील न घेता, अर्ज स्वतः लिहून. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, मुदत दोन वर्षं. तारखा पडतायत. एकदा त्यांचा वकील आजारी, एकदा कागद पोहोचले नाहीत. सांगलीतला बोर्ड उतरलाय, जाहिरात दुसऱ्या नावाने चालू आहे, अ‍ॅनालिसिस आता १४९ रुपये.

बाटली मी जपून ठेवलीय, तळाशी बोटभर सीरम आहे, लॅबला पाठवा असा अर्ज आयोगाला दिलाय. तुमच्याकडे तसली 'सीरम बी' असेल तर रागाने टाकून देऊ नका, झाकण घट्ट लावून बिलासोबत ठेवा. तक्रारीचा मसुदा कुणाला लागला तर माझा घ्या, नावं आणि आकडे तेवढे बदला.