आय५-९६००के: ४.९ वरून ४.७ वर का आलो

इंटेलचा आय५-९६००के सेकंडहँड घेतला, त्याला आठ महिने झाले. काम लग्नाच्या व्हिडिओंचं, सांगलीत विश्रामबागेत, गच्चीखालच्या खोलीत. प्रोसेसर सहा कोअरचा. सगळे कोअर कामाला लागले की मूळचा ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो.

जानेवारीत वेग वाढवायला (ओव्हरक्लॉकिंग) बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, मल्टिप्लायर ४९ केला; बेस क्लॉकला याने गुणलं की वेग मिळतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.९. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये तेवढाच वेग दिसला, सिनेबेंच आर२३ या चाचणीची दहा मिनिटांची फेरीही बिनबोभाट पार पडली. मी खूश.

मग एका लग्नाचं एक्सपोर्ट बघताना अक्षता पडतात त्या क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर हिरवा चौकोन चमकून गेला. एकच फ्रेम. मूळ फुटेज स्वच्छ होतं. पुन्हा एक्सपोर्ट केलं, चौकोन गायब. त्या रात्री प्राइम९५ हा प्रोसेसरला ताण देणारा प्रोग्राम लावला. वीस मिनिटांत त्याचा एक वर्कर (समांतर चालणाऱ्या हिशेबांपैकी एक) थांबला: राउंडिंगमधली चूक ०.५ आली, ०.४ पेक्षा कमी हवी होती. म्हणजे प्रोसेसर गणित चुकवत होता आणि मशीन मात्र एकदाही हँग झालं नव्हतं. मला हीच गोष्ट सगळ्यात घातक वाटते. सिनेबेंच वेग मोजतं. प्राइम९५ स्वतःचं गणित तपासत पुढे जातं, म्हणून चूक पकडतं.

मग वेग ४.८ वर आणला; तिथे १.३० व्होल्टला प्राइम९५ रात्रभर चाललं. मार्चपर्यंत तक्रार नाही.

एप्रिलमध्ये स्लॅब तापला. दुपारी तीनला तीच सिनेबेंचची फेरी लावली, तर जानेवारीत रात्री ७८ अंशांवर थांबणारं प्रोसेसरचं तापमान शंभराला टेकलं. हा प्रोसेसर शंभर अंशाला स्वतःच वेग कमी करतो. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर (उष्णतेमुळे वेग कमी होणं) लाल अक्षरात ‘येस’ आलं. पहिल्या मिनिटाचा आकडा झकास, दहाव्या मिनिटाला घसरलेला. खोलीचं तापमान वीस अंशांनी चढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच चढतं, कूलर कितीही चांगला असो. त्यामुळे थंडीतल्या रात्रीचे आकडे कुणी दाखवले तर मी आधी खोलीचं तापमान विचारतो.

आता ४.७, १.२५ व्होल्ट. भर दुपारी ९० च्या आत राहतो. मूळच्या ४.३ वर ५० मिनिटं घेणारं एक्सपोर्ट ४६ मिनिटांत होतं. लग्नसराईत दिवसाला सहा-सात एक्सपोर्ट असतात, तेव्हा ती चार मिनिटं मला हवीच असतात. हिरवा चौकोन परत दिसलेला नाही; तरी अक्षतांचा भाग मी प्रत्येक वेळी फ्रेम-फ्रेम बघूनच पेनड्राइव्ह देतो.