रेडिएटर फॅनसाठी डीसी क्लॅम्प मीटर : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

उन्हाळ्याच्या तोंडावर डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा अडकवून तिच्यातला करंट मोजणारा मीटर) घेतला, तो मुख्यतः रेडिएटरच्या पंख्यासाठी. घरची जुनी पेट्रोल हॅचबॅक आणि सोसायटीतल्या दोन-चार गाड्या यांच्यावर तो भरपूर वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट बघावी. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी करंट (घरच्या विजेचा) मोजतात, गाडीच्या बॅटरीचा डीसी नाही. डायलवर डीसी व्होल्टचं चिन्ह असतं, त्यामुळे गाडीलाही चालेल असं वाटतं. पण त्या चिमट्यात डीसी करंट दिसतच नाही. त्यासाठी हॉल सेन्सरचा (करंटचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) क्लॅम्प लागतो. किंमत बरीच जास्त पडते, तरी डीसी अँपिअरची रेंज असल्याची खात्री करूनच घ्या.

साधा मल्टिमीटर पुरत नाही का? फ्यूज आणि रिले (पंख्याला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच) यांच्यापर्यंत पुरतो. पण छोट्या गाडीचा पंखाही चालताना साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून हा करंट नेला की मीटरचाच फ्यूज उडायचा. शिवाय मोजण्यासाठी वायर सोडवावी लागते. कपलर (वायरी जोडणारा प्लग) हलला की सैल पिन तात्पुरती बसते आणि दोष गायब होतो. क्लॅम्प वायरीला न सोडवता अडकवता येतो. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पंखा अजिबात फिरत नसेल तर शोध सोपा असतो. खरा घोळ पंखा हळू फिरत असेल तर होतो, कारण त्याची दोन अगदी उलटी कारणं असतात. बुश किंवा बेअरिंग जाम झालं तर मोटर जास्त करंट खेचते. वायर, कपलर किंवा अर्थिंगमध्ये (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू) रोध वाढला तर करंट कमी होतो. डोळ्यांना दोन्ही पंखे सारखेच दिसतात. गॅरेजमध्ये दोन्हींवर उपाय एकच सांगतात : मोटर बदला.

शेजारच्या काकांच्या गाडीचं तसंच झालं होतं. घाटात गाडीचा एअर कंडिशनर (एसी) लावला की टेम्परेचरचा काटा वर सरकायचा. नव्या मोटरचं कोटेशनही आलं होतं. क्लॅम्प लावला तर करंट नेहमीपेक्षा कमी. म्हणजे मोटर जाम नव्हती. मग पंखा चालू ठेवून मीटरची एक पिन मोटरच्या निगेटिव्ह वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत रीडिंग यायला हवं. आलं जवळजवळ दोन व्होल्ट. हेडलाइटमागचा अर्थचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासून, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवीन लावून आवळला आणि पंख्याचा आवाजच बदलला. काकांचा मोटरचा खर्च वाचला याचा मला मनापासून आनंद झाला.

हाच बोल्ट कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की मीटर वाजतो तो मोड) तपासला असता तर मीटर खुशाल वाजला असता. बझर काही ओहमपर्यंत, कित्येक मीटरमध्ये ३०-४० ओहमपर्यंतही वाजतो, आणि इथे ०.२ ओहमसुद्धा घातक आहे. ९ अँपिअर गुणिले ०.२ ओहम म्हणजे १.८ व्होल्ट वाया, आणि त्या एका जोडावर १६ वॅटची उष्णता. कपलर तपकिरी पडून वितळतात ते यामुळे. पंखा बंद असताना व्होल्टेज बघूनही कळत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एका तारेवर तग धरलेली वायरही पूर्ण १२.६ दाखवते. तपासणी लोडवरच, म्हणजे करंट वाहत असतानाच करायची. पंखा चालत नसेल तर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब कपलरवर लावा. तो मंद पेटला तर दोष मोटरच्या अलीकडे आहे.

आता तक्रारी. प्रत्येक मापनाआधी झिरोचं बटण दाबावंच लागतं, नाहीतर रिकामा चिमटाही अर्धा-एक अँपिअर दाखवतो. बॅटरी रात्रीत उतरते म्हणून मिलिअँपिअरची गळती शोधायची असेल तर हा मीटर निरुपयोगी आहे. चिमटा जाड आहे. फॅनच्या काउलमागे (पंख्याभोवतीचं कव्हर) शिरत नाही, म्हणून फ्यूजबॉक्सकडून येणारी वायर शोधून तिथे लावावा लागतो, आणि तोही एकाच वायरीला. दोन्ही वायरी आत आल्या तर बेरीज शून्य. इनरश मोड फक्त एसी करंटवर चालतो, हे मला फार खटकतं. पंखा सुरू होतानाचा झटका बघायचा असतो, तो निसटतो.

आणि काही दोषांत या मीटरची गरजच नसते. एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण नुसत्या इंजिनच्या तापमानावर फिरत नाही, असं असेल तर मोटरपासून दूर राहा. एकच रिले असलेल्या गाडीत पॉवरची बाजू ठीक आहे असा याचा अर्थ. आधी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा. पाणी कमी असलं किंवा हवा अडकली तर तापमानाचा सेन्सर कोरडा राहतो. मग सेन्सरचा रोध ओहमवर मोजा. साधारण थंड असताना दोनेक हजार ओहम आणि उकळत्या पाण्याजवळ दोनशेच्या आसपास यावा. उलट चावी काढल्यावरही पंखा बराच वेळ थांबत नसेल तर रिले उपसा. तो उपसल्यावर पंखा थांबला आणि सारख्या नंबरचा दुसरा रिले घातल्यावरही बंदच राहिला तर पहिल्याचे पॉइंट (आतले संपर्क) चिकटलेत. हे करताना बोटं पात्यांपासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा सुरू होतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. पंखा स्विचवर 'डायरेक्ट' करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. निदान फ्यूज आणि रिले घातल्याशिवाय तरी करू देऊ नका. स्विच चालू करायला विसरलात आणि घाटात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) उडालं, तर त्या खर्चात असे बरेच मीटर येतील.