केळीच्या मळ्यावर राखणीला अल्सेशियन की गावठी?

रावेर-यावल पट्ट्यात मळ्यावर कुत्रं पाळतात ते हौसेला नाही. एक पंपाची केबल कापून नेणारे चोर आणि दुसरी सातपुड्याकडून उतरणारी रानडुकरं. मी दोन्ही जातीची पाळली आहेत, म्हणून थोडं सांगतो.

दरारा अल्सेशियनचाच. तो नुसता उभा राहिला तरी फाटकाशी आलेला माणूस मागे सरकतो. शिकतोही पटकन, ही जातच १८९९ च्या सुमारास जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून तयार केली. पण अंगावर केसांचा दुहेरी थर आणि इथला मे महिना ४५ अंशांचा. दुपारभर ठिबकच्या ओलीत पडून. गोचीड, पोट, डॉक्टर हा खर्च वेगळा. गावठी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर खूश.

हे सगळं चालवून घेतलं असतं. नाही खपली ती गुरगुर. आमचा अल्सेशियन सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर गुरगुरायचा, घड वाहणाऱ्यांवर गुरगुरायचा, खाताना जवळ गेलं तर माझ्यावरही. कापणीच्या दिवशी मजूर बांधावरच थांबत, "भाऊ, आधी त्याला बांधा." इकडे व्यापाऱ्याची गाडी खोळंबलेली. रात्री खरंच कोणी आलं तरी आवाज तोच. मग उठायचं की नाही, कसं कळावं?

आमची गावठी भुंकते फार, हे कबूल. तिच्यापायी शेजारचे मळेही जागे होतात. पण गुरगुरते क्वचित, आणि तेव्हा मी बॅटरी घेऊन उठतोच. साप दिसला तर लांबून उड्या मारत भुंकते. बिबट्याचा वास आला की खाटेखाली शिरून घशातल्या घशात गुरगुरते. मग मी दार उघडत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हाडाजवळ ठेवलेल्या स्पीकरवर कुत्र्यांना वेगवेगळ्या गुरगुरी ऐकवल्या होत्या. हाड राखणाऱ्या कुत्र्याची गुरगुर ऐकून ती मागे सरली, खेळातली ऐकून तेवढी नाही. म्हणजे फरक असतो. मला तो गावठीत ऐकू येतो, एवढंच.

सगळे अल्सेशियन असे नसतील. मळ्यावर फारशी ये-जा नसेल तर तोच बरा पडेल कदाचित. मजुरांची वर्दळ असेल तर ओळखीच्या मळ्यावरचं गावठी पिल्लू बघा, पण दोन महिने आईजवळ राहू द्या. गुरगुरलं म्हणून काठी उगारू नका, नाहीतर पुढे न गुरगुरताच चावेल. रेबीजची लस दोघांनाही लागतेच.